धुळघाटचा उतार आणि व्हॅक्यूम ब्रेक

अकोल्याहून अकोटमार्गे खांडव्याला जाणारा मीटर गेज लोहमार्ग ही स्वतंत्र भारतातील बांधणी. राजस्थान-माळव्याकडील मीटर गेजचे जाळे आणि निजामाच्या राज्यातील जाळे तोवर एकमेकांपासून तुटलेले होते. खांडवा-हिंगोली या दुव्याने १९६० च्या सुमारास ते सांधले गेले आणि पुढे जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस अकोल्यावरून धावू लागली.

हिवरखेड मागे पडले की वऱ्हाडची काळी सपाटी संपते आणि सातपुडा सुरू होतो. वान रोड आणि धुळघाट या स्थानकांदरम्यान चढ इतका अवघड की सरळ रूळ टाकणे शक्य नव्हते. अभियंत्यांनी मार्गाला डोंगरातून पूर्ण वेढा दिला. रूळ फिरून येतो आणि स्वतःलाच ओलांडून वर जातो. या वेढ्याचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिलेले असते. मात्र त्याच वेढ्यावरून खांडव्याकडची गाडी खाली उतरताना तिला आवरत काय होते, हे क्वचितच कोणी विचारतो.

त्याचे उत्तर धुळघाटहून फार दूर, आयर्लंडमधील आर्मा या गावी सापडते. १२ जून १८८९ रोजी तेथून मुलांना सहलीला नेणारी खचाखच भरलेली गाडी चढावर अडली. कर्मचाऱ्यांनी ती तोडून काही डबे आधी पुढे नेण्याचे ठरवले. गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण साधा : इंजिनाने हवा खेचली तर ब्रेक लागणार, जोड सुटला तर ब्रेकही गेला. मागचे डबे शेवटच्या डब्यातील हातब्रेकवर आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांवर उभे राहिले. पुढचा भाग किंचित मागे सरकला, धक्का बसला, दगडांचा चुरा झाला आणि डबे उतारावरून मागून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळले. सुमारे ८० माणसे मेली, त्यांत अनेक मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा करणारा कायदा केला.

स्वयंचलित ब्रेकमध्ये सगळे उलटे आहे. प्रत्येक डब्याखाली एक सिलिंडर आणि त्यात दट्ट्या असतो. इंजिन साऱ्या गाडीच्या नळीतून हवा काढून घेते. दट्ट्याच्या वर आणि खाली सारखीच पोकळी झाली की तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि चाके मोकळी होतात. नळीत हवा शिरली की ती फक्त दट्ट्याच्या खाली पोहोचते. वरची पोकळी झडपेने बंद राहते. मग बाहेरच्या वातावरणाचा दाबच दट्ट्याला वर ढकलतो आणि ओतीव लोखंडाचे ठोकळे चाकांवर आवळले जातात. नळी फुटो, डबा सुटो, प्रवासी साखळी ओढो, परिणाम एकच : हवा आत, गाडी उभी. एकोणिसाव्या शतकातील इतकी शहाणी कल्पना दुसरी शोधावी लागेल.

परंतु हा शहाणपणा अखेर रबरावर उभा होता. दट्ट्याभोवतीचे रबरी कडे जुने झाले, त्यात कचरा अडकला, की वरची पोकळी हळूहळू गळते. दोन्ही बाजूंना हवा सारखी झाली की लागलेला ब्रेक आपोआप सुटतो. म्हणून घाटात खोळंबलेली गाडी केवळ व्हॅक्यूमच्या भरवशावर सोडून चालत नसे. गार्डने हातब्रेक आवळायचा, चाकांना लाकडी पाचरी लावायच्या. आर्माला जे अपुरे पडले, तेच येथे दुसऱ्या फळीत कायम राहिले.

त्यामुळे खरी सुरक्षितता गाडी सुटण्यापूर्वीच ठरत असे. डब्यांमधील रबरी नळ्यांचे जोड तपासायचे, शेवटच्या नळीचे तोंड बुचावर घट्ट बसले आहे का ते पाहायचे, झिजलेले ठोकळे बदलायचे, दांड्यांमधील ढिलाई काढायची. इंजिनातील मापकावर साधारण ५३ सेंटिमीटर पोकळी आणि गार्डच्या डब्यात ४७ च्या आसपास, असा हिशेब असे. दोन आकड्यांतील अंतर वाढले, तर वाटेत कोठेतरी गळती आहे हे समजून घ्यायचे. गार्डच्या डब्याला ‘ब्रेक-व्हॅन’ म्हणतात ते उगाच नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वेने गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ केले. पद भारदस्त झाले खरे, पण रक्षणाचा अर्थ त्यातून निसटला.

ब्रॉड गेजवर यथावकाश दाबाच्या हवेचा ब्रेक आला. व्हॅक्यूमला वातावरणाच्या एका दाबापलीकडे जाता येत नाही, तर नव्या ब्रेकची नळी त्याच्या जवळपास पाचपट दाबावर चालते. साहजिकच लांब, जड गाड्यांना तोच मानवला. तत्त्व मात्र आर्मानंतरचेच राहिले : नळीतील दाब गेला की ब्रेक लागतो. मोठ्या ट्रकच्या मागील चाकांवरही तेच दिसते. तेथे हवा संपली की दाबून ठेवलेली स्प्रिंग ब्रेक आवळते.

२०१७ च्या आरंभी अकोला-खांडवा मीटर गेज बंद झाले. अकोटपर्यंत ब्रॉड गेज पोहोचले. पुढे मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून रुंदीकरण करावे की जंगलाला वळसा घालावा, यावर दीर्घ वाद झाला. धुळघाटच्या वेढ्यावरून व्हॅक्यूम ब्रेक आवळत उतरणारी गाडी त्याआधीच थांबली होती.