डब्ल्यूसीडब्ल्यूचे पतन

वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग, म्हणजेच डब्ल्यूसीडब्ल्यू, ही अमेरिकेतील अटलांटा शहरातून चालणारी व्यावसायिक कुस्तीची कंपनी होती. माध्यमसम्राट टेड टर्नर यांनी १९८८ मध्ये क्रॉकेट घराण्याचा कुस्तीचा धंदा विकत घेतला आणि त्यातून ती उभी राहिली. या खेळात निकाल आधीच ठरलेला असतो आणि प्रेक्षकांनाही ते ठाऊक असते. तरीही विजेतेपद मोलाचे आहे, असे भासवत राहण्यावरच सगळा धंदा चालतो. कोणी कधी आणि कोणाला हरवायचे हे ठरवणारा 'बुकर' हा म्हणूनच पडद्यामागचा खरा सूत्रधार असतो.

एरिक बिशॉफ यांच्या हाती सूत्रे असताना कंपनीची भरभराट झाली. सप्टेंबर १९९५ पासून 'नायट्रो' हा कार्यक्रम दर सोमवारी प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूएफच्या 'रॉ'समोर दाखवला जाऊ लागला. जुलै १९९६ मध्ये सर्वांचा लाडका हल्क होगन खलनायक झाला. स्कॉट हॉल आणि केविन नॅश यांच्यासह त्याने 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' ही टोळी काढली. ही कथा इतकी गाजली की नायट्रोने सलग ८३ आठवडे रॉला मागे टाकले.

उतरणीची बीजे याच यशात होती. टोळी फुगत गेली, पण तिचा पाडाव कोणी करायचा हे ठरेना. कंपनीचा लोकप्रिय मल्ल स्टिंग वर्षभराहून अधिक काळ लढतीपासून दूर राहून होगनवर नजर ठेवत होता. २८ डिसेंबर १९९७ रोजी अखेर दोघांची गाठ पडली. पंचाने घाईघाईने मोजून स्टिंगवर अन्याय करायचा, असे कथेत होते. प्रत्यक्षात मोजणी नेहमीच्या गतीने झाली आणि होगन सरळ जिंकल्यासारखा दिसला. ब्रेट हार्ट या मल्लाने मध्ये पडून लढत पुन्हा सुरू करायला लावली. स्टिंग जिंकला खरा, पण विजयाची गोडी गेली. पुढच्याच महिन्यात नायट्रो तीन तासांचा झाला आणि 'थंडर' हा नवा कार्यक्रमही सुरू झाला. वेळ वाढला, मजकूर मात्र विरळ झाला.

गोल्डबर्गच्या रूपाने कंपनीला नवा नायक मिळाला. ६ जुलै १९९८ रोजी त्याने अटलांटात होगनला हरवले, पण पैसे मोजून पाहायला लोक तयार असलेली ही लढत नायट्रोवर फुकट दाखवली गेली. डिसेंबरमध्ये विजेच्या झटक्याच्या मदतीने नॅशने गोल्डबर्गची विजयमालिका तोडली आणि विजेतेपद मिळवले. ४ जानेवारी १९९९ रोजी गोल्डबर्गला सूड उगवण्याची संधी मिळणार होती. कथेत त्याला अटक झाली आणि त्याच्याऐवजी होगन रिंगणात आला. त्याने नॅशच्या छातीला बोट टेकवले. नॅश धाडकन आडवा झाला आणि विजेतेपद होगनकडे गेले. हजारो प्रेक्षकांसमोर ही उघडउघड नुरा कुस्ती झाली. त्याच रात्री नायट्रोच्या समालोचकाने रॉवर मिक फोली हा मल्ल विजेता होणार असल्याचे उपहासाने सांगितले, आणि तो विजय पाहण्यासाठी लाखोंनी वाहिनी बदलली.

१९९९ च्या सप्टेंबरमध्ये बिशॉफ यांना दूर करण्यात आले आणि पुढच्या महिन्यात बुकर म्हणून विन्स रूसो यांना आणण्यात आले. त्यांच्या काळात विजेतेपद हातोहात फिरू लागले. एप्रिल २००० मध्ये ते चित्रपट अभिनेता डेव्हिड आर्केटकडे गेले. एका चित्रपटाच्या जाहिरातीची ती युक्ती होती. सप्टेंबरमध्ये खुद्द रूसो विजेते झाले. एडी गरेरो, डीन मॅलेंको यांसारखे कसलेले मल्ल तत्पूर्वी, जानेवारीतच, प्रतिस्पर्ध्याकडे निघून गेले होते. होगनच्या करारात त्याच्या भूमिकेबाबतचे अधिकार त्यालाच दिलेले होते; त्यावरूनही जुलैमध्ये जाहीर तमाशा झाला.

२००० साली कंपनीला सहा कोटी डॉलरच्या आसपास तोटा झाला. एओएल आणि टर्नरच्या वाहिन्यांची मालक टाइम वॉर्नर यांच्या विलीनीकरणानंतर नव्या व्यवस्थापनाने त्या वाहिन्यांवरून कुस्ती हटवली. वाहिनीविना कंपनीला किंमत उरली नाही आणि मार्च २००१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने तिची नाममुद्रा व चित्रफितींचा साठा अल्प मोलात विकत घेतला. अखेरचा नायट्रो २६ मार्च २००१ रोजी फ्लोरिडातील पनामा सिटी बीच येथे झाला. शेवटचा घाव वाहिनीने घातला हे खरे. पण विजेतेपदाची किंमत कंपनीने त्याआधीच स्वतःच्या हातांनी शून्यावर आणली होती.