'स्पोर्ट' आणि 'स्पोर': एका अर्थसंकोचाचा इतिहास

इंग्रजीतील 'स्पोर्ट' हा जुन्या फ्रेंचमधील 'देस्पोर्त'चा झिजलेला अवशेष होय. मनाला व्यवहारापासून दूर नेणे हा त्याचा मूळ आशय. शेक्सपिअरच्या काळी त्यात थट्टा, प्रणयक्रीडा, शिकार हे सारे एकत्र नांदत होते. 'किंग लिअर'मधील आंधळा ग्लॉस्टर देवांच्या निर्घृणतेसाठी हाच शब्द योजतो, तेव्हा करमणूक आणि क्रौर्य यांतील अंतरच पुसले जाते. एकोणिसाव्या शतकात नियम, क्लब व स्पर्धा यांनी हा पसारा आवरला, आणि फ्रेंचने आपलाच शब्द इंग्रजीकडून परत घेतला तो या आवरलेल्या रूपात.

तुर्कीतील 'स्पोर' याच वाटेने आला. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या तुर्की क्रीडासंघटनेच्या नावात अरबी मुळाचा 'इदमान' होता. १९३६ मध्ये तिची जागा घेणाऱ्या संस्थेच्या नावात 'स्पोर' आला. उसनवारीत शब्द येतो, त्याचा भूतकाळ येतोच असे नाही. फसवणूक, नृत्य, नाट्य या छटा देशी 'ओयुन'कडेच राहिल्या (मराठी 'खेळ'ही याच गोत्राचा). कारागोझचे छायानाट्य 'ओयुन'च. ग्लॉस्टरच्या तुर्की भाषांतरकाराला म्हणूनच 'स्पोर'चा उपयोग नाही. बुरशीचा बीजाणूही तुर्कीत 'स्पोर'. परंतु तो ग्रीक मुळाचा, केवळ उच्चारसाम्याने शेजारी आलेला.