कटोऱ्याचा तास, नांगराचं तास

वाळव्याकडच्या आमच्या शिवारात तात्यांच्या जुन्या ट्रॅक्टरवरून वाद पेटला होता. नांगरट तासावर ठरलेली. ड्रायव्हरच्या मनगटावर तीन तास झाले होते, ट्रॅक्टरच्या मीटरवर अडीच. ज्याचं रान, तो मीटरकडे बोट दाखवत होता, ड्रायव्हर घड्याळाकडे. बांधावर बसलेले आबा तंबाखू मळत म्हणाले, "आरं, त्ये घड्याळाचा तास मोजत न्हाई. नांगराचं तास मोजतंय."

‘घड्याळाचा तास’ आणि ‘नांगराचं तास’. एक पुल्लिंगी, दुसरं नपुंसकलिंगी. एकाच दमात आबांनी दोन वेगळे शब्द ठेवले होते, आणि ते वेगळे आहेत हे त्यांच्या जिभेला ठाऊक होतं. त्या दिवसापासून मी या दोन शब्दांच्या मागे आहे.

आधी मीटरचं. जुन्या ट्रॅक्टरवरच्या तासांच्या मीटरमध्ये घड्याळ नसतंच. डायनामोच्या मागून किंवा इंजिनातल्या एखाद्या गिअरवरून एक केबल निघते, ती तबकडीपर्यंत जाते आणि इंजिन फिरलं की आकडे सरकवते. अमेरिकेत १९५० च्या सुमारास फोर्डच्या ट्रॅक्टरवर ‘प्रूफमीटर’ आलं, १९५६ च्या फर्ग्युसन ३५ वर ‘ट्रॅक्टरमीटर’. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याखालीच तासांचे आकडे. मीटर एका ठरावीक वेगावर बेतलेलं असतं. तो वेग मिनिटाला १५०० फेऱ्या धरला, तर ९०,००० फेऱ्या झाल्या की मीटर म्हणतं, एक तास झाला. इंजिन ७५० वर नुसतं घुरघुरत उभं राहिलं, तर तेवढ्याच फेऱ्यांना घड्याळाचे दोन तास लागतात.

त्या दिवशी नेमकं तेच झालं. दोन तास नांगर पूर्ण वेगात चालला. मग फाळाचा बोल्ट तुटला, नवा आणायला माणूस गेला आणि बॅटरी उतरलेली म्हणून इंजिन तासभर चालूच ठेवलं. दोन अधिक अर्धा, अडीच. मीटर खोटं बोलत नव्हतं. ते वेळ मोजतच नव्हतं, काम मोजत होतं.

यंत्राचं काम असं मोजण्याची रीत ट्रॅक्टरहून फार जुनी. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या खाणींना जेम्स वॉट आणि मॅथ्यू बोल्टन यांनी अठराव्या शतकात वाफेची इंजिनं दिली, ती जुन्या इंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या एक तृतीयांश किमतीच्या करारावर. किती कोळसा वाचला हे ठरवायला इंजिनाने किती हेलकावे मारले हे कळायला हवं. म्हणून तुळईवर हेलकावे मोजणारा गणक बसवला, आणि तो कुलूपबंद पेटीत ठेवला. भाडं, इंधन आणि अविश्वास या तिघांनी मिळून हे यंत्र जन्माला घातलं. आमच्या बांधावरही तेच तिघे हजर होते.

आता शब्दाकडे. घड्याळाचा ‘तास’ कुठून आला? पटकन सुचतं ते असं, की ‘तासणे’ यावरून. दिवस तासून काढलेला तुकडा तो तास. ऐकायला गोड आहे, पण मला पटत नाही. तुकड्याला ढलपी म्हणतील, कपटा म्हणतील. आणि तास वाजतो कसा, याचं उत्तर त्यात नाही. जुन्या मराठीत ‘तास’ म्हणजे टोला द्यायची धातूची थाळीसुद्धा. शाळेत आजही तास ‘होतो’ तो घंटेवरच.

खरा धागा फारसीत आहे. ‘तास’ म्हणजे वाडगा, कटोरा. अरबीतून हाच शब्द युरोपात गेला आणि फ्रेंचांचा चहाचा कप ‘तास’ झाला, इटालियनांचा ‘ताझ्झा’. आपल्याकडे त्याचं काम वेगळं होतं. तळाला बारीक भोक असलेला कटोरा पाण्यावर सोडायचा. तो भरून बुडाला की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. ‘घटका भरली’ हे आपण आजही म्हणतो ते त्या कटोऱ्याचं. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने फिरोजाबादेत ‘तास घडियाल’ बसवल्याची नोंद आहे. बाबरानेही हिंदुस्थानातल्या घडियाली लोकांचं वर्णन केलं आहे: भांडं भरलं की उंच टांगलेल्या पितळी थाळीवर टोला. कटोरा बुडतो, थाळी वाजते, आणि नाव कटोऱ्याकडून थाळीकडे, थाळीकडून त्या वेळेकडे सरकतं. पुढे विलायती घड्याळ आलं तेव्हा टोला घटकेवरून साठ मिनिटांवर गेला, नाव मात्र तेच राहिलं. शाळेच्या वेळापत्रकातली ‘तासिका’ वरून कितीही संस्कृत दिसो, तिच्या पोटात फारसी वाडगाच आहे. ‘तसराळं’ही याच घरातलं असावं, असं माझं मन सांगतं.

नांगराचं तास मात्र या कुळातलं नव्हे. फाळाने जमिनीत पाडलेली ती रेघ. ती मला थेट ‘तक्ष्’ या धातूची वाटते, सुताराच्या ‘तासणे’ची सख्खी बहीण. मराठीत संस्कृत ‘क्ष’चा ‘स’ होतो याला पुरावा शेतातलाच घ्या: ‘इक्षु’चा ऊस झाला. ‘कुक्षी’ची कूस झाली, ‘क्षुरिके’ची सुरी. मग ‘तक्ष’चं तास का नाही? सुतार लाकूड तासतो, नांगर भुई तासतो. जिथे तासलं जातं तिथे ‘ते’ तास. जिथे थाळी वाजते तिथे ‘तो’ तास. लिंगाचा हा फरक मला सगळ्यांत भक्कम साक्षीदार वाटतो.

दिल्लीकडून आलेला वाडगा आणि काळ्या रानातली रेघ, हे दोन शब्द मराठीत शतकानुशतकं एकमेकांना ओळख न देता शेजारी राहिले. माझं म्हणणं एवढंच, की त्यांची गाठ जुन्या ट्रॅक्टरच्या तबकडीवर पडली. आकड्यापुढे नाव घड्याळाच्या तासाचं असतं, मोजलं जातं नांगराचं. इतक्या फेऱ्या म्हणजे इतकी नांगरट, इतकं डिझेल, इतकी झीज. म्हणूनच इंजिनाचं ऑइल बदलायचं ते मीटरच्या तासांवर. किल्ली फिरवली की चालू होणारी नवी इलेक्ट्रिक मीटरं पुन्हा निव्वळ घड्याळाकडे वळली; तिथे कटोरा जिंकला.

तात्यांच्या मीटरवर त्या दिवशी ६,२१४ तास होते. मी बांधावरच गुणाकार केला: ५५ कोटींहून जास्त फेऱ्या. शेवटचा आकडा दशांशाचा, म्हणजे ठरावीक वेगात सहा मिनिटांचा. तो चार घरं सरकला की बरोबर एक घटका भरते.

वाद आबांनीच मिटवला. "ड्रायव्हरचा रोज घड्याळावर द्या, डिझेल मीटरवर." दोघांनाही ते पटलं. माणूस तीन तास उन्हात होता, आणि इंजिनाने अडीच तासांचं रान तासलं होतं.