फ्लिक्सबरो : ४ वाजून ५३ मिनिटे

२७ मार्च १९७४
इंग्लंड, लिंकनशायरमधलं फ्लिक्सबरो. नायप्रो कारखान्यात नायलॉनसाठी लागणारं कॅप्रोलॅक्टम बनतं. पायऱ्यांसारख्या उतरत्या मांडलेल्या सहा रिअॅक्टरांतून १५५ अंश सेल्सिअस तापलेलं सायक्लोहेक्झेन वाहतं. ते दाबाखाली द्रव राहतं. दाब सुटला की त्याची पटकन पेट घेणारी वाफ व्हायला वेळ लागत नाही. पाचव्या रिअॅक्टरमधून गळती दिसते. आत स्टेनलेसचं पातळ अस्तर, बाहेर साध्या पोलादाचं कवच. चीर कवचात आहे.

२८ मार्च
चीर सुमारे सहा फुटांची भरते. ठरतं : पाचवा काढायचा, चौथा थेट सहाव्याला जोडायचा. तोंडं २८ इंची, हाताशी असलेला पाइप २० इंची. आराखडा वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढला जातो. वर्क्स इंजिनिअरची जागा रिकामीच आहे. दोन तोंडांच्या पातळ्या वेगळ्या, म्हणून पाइपला दोन वाकणं. दोन्ही टोकांना लवचिक बेलोज, म्हणजे घड्यांच्या जोडनळ्या. आधाराला परांचीच्या नळ्या. बेलोज बनवणाऱ्याची मार्गदर्शिका कुणी उघडत नाही.

१ एप्रिल
कारखाना पुन्हा सुरू. जोडणीची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला ९ किलो दाबापर्यंत झाली आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो ११ किलोला. उरलेल्या पाच रिअॅक्टरांना तशीच चीर आहे का, हे तपासलेलं नाही.

२९ मे
एका साइट ग्लासच्या व्हॉल्व्हमधून गळती. कारखाना बंद, दुरुस्ती.

१ जून, शनिवार, पहाटे ४
पुन्हा सुरुवात. पुन्हा गळती. वाफ बंद.

पहाटे ५
गळती आपोआप थांबलेली आढळते. वाफ सोडतात, थोड्याच वेळात दुसरी गळती. वाफ पुन्हा बंद. ठिणगी न उडणारी हत्यारं कुलपात आहेत, साडेनऊपर्यंत मिळणार नाहीत.

सकाळी ६
पहिल्या रिअॅक्टरचं तापमान जेमतेम ११० अंश. दाब मात्र ८.५ किलो.

सकाळी ७
पाळी बदलल्यावर तापवणं पुन्हा सुरू.

सकाळी ११.३०
१५५ अंश. दाब ९ किलोच्या वर, नेहमीपेक्षा जास्त. दाब बाहेर सोडला की नायट्रोजनही जातो, आणि त्याचा साठा अपुरा. नवा मध्यरात्रीआधी येणार नाही.

दुपार
काय घडलं, सांगायला कंट्रोल रूममधलं कुणी उरणार नाही. नोंदीही नाहीत.

४.५३
२० इंची जोडणी निखळते. वाफेचा ढग पसरतो आणि पेटतो. २८ मृत्यू; त्यांतले १८ कंट्रोल रूममधले. कामाचा वार असता तर आकडा कितीतरी मोठा झाला असता.

नंतर
चौकशीत पाचव्या रिअॅक्टरच्या चिरेचं मूळ सापडतं : ढवळणीजवळची बारीक गळती शमवायला त्यावर सोडलेलं थंडाव्याचं पाणी. त्यातल्या नायट्रेटने ताणाखालचं पोलाद चिरलं. एक आठ इंची स्टेनलेस पाइपही फाटलेला मिळतो. तोच आधी फुटला हा दावा चौकशी मान्य करत नाही, पण एक धडा नोंदवते : लॅगिंग, म्हणजे पाइपवरचं उष्णतारोधक आवरण, बांधायच्या गॅल्व्हनाइज्ड तारेवरचं जस्त आगीत वितळलं, तर तापल्या स्टेनलेसला चिरा पाडतं.

गळतीवर ओतलेलं पाणी, लॅगिंगची तार, परांचीच्या नळ्या : एकही वस्तू धोक्याची वाटण्यासारखी नव्हती. धातूलाही संगत बाधते. मार्चमध्ये चिरेची लांबी मोजली गेली. तिची संगत कुणी विचारली नाही.