तळाच्या ओळीतलं नाव

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात साखर कारखान्याची निवडणूक लागली, की जेऊरच्या बाजारात पत्रकं हातोहात फिरू लागतात. पिवळा नाहीतर गुलाबी पातळ कागद, एकाच बाजूला छपाई. वर ठळक अक्षरात ‘जाहीर खुलासा’. मग गाळपाचे आकडे, थकलेल्या ऊसबिलाचा हिशेब, समोरच्या पॅनेलला पाच-सहा सवाल आणि शेवटी ‘आपला नम्र’. त्याच्याही खाली, कागदाच्या अगदी कडेला, बारीक अक्षरात छापखान्याचं नाव. स्टेशनकडच्या टपरीवर एकजण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्येच कुणीतरी ‘हे साफ खोटं आहे’ म्हणून उसळतो. माझ्या मते गावाचं मत सभेपेक्षा इथे जास्त घडतं, कारण सभेतल्या वक्त्याला मध्येच थांबवून जाब विचारता येत नाही.

या एकपानी कागदाचं कूळ शोधू गेलं तर वाट पार बोस्टन-न्यूयॉर्कपर्यंत जाते. अठराव्या शतकात तिथे इंग्रजांच्या वसाहती होत्या आणि राजकीय भांडण छापील पत्रकांवरच चालायचं. छपाई एका बाजूलाच असायची, म्हणजे दुसऱ्या बाजूला खळ लावून कागद दारावर, खांबावर, खानावळीच्या भिंतीवर चिकटवता येई. लाकडी दाबयंत्रावर दोन माणसं तासाला दोनशेच्या आसपास कागद काढत. संध्याकाळी मजकूर हाती आला, तर सकाळी शहर तो वाचत असे. १७६५ साली लंडनच्या पार्लमेंटने वर्तमानपत्रं, पुस्तिका, करारमदार अशा सगळ्या कागदांवर मुद्रांक कर बसवला, तेव्हा मुद्रकांच्या पोटावरच पाय आला. ज्यांच्या हातात छपाईचे खिळे होते तेच चिडले, आणि सरकारला ते फार महागात पडलं.

१७६९च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एक पत्रक लागलं. वसाहतीच्या विधिमंडळाने इंग्रज फौजेच्या खर्चाला पैसे मंजूर केले, हा जनतेचा विश्वासघात आहे, असा त्याचा रोख होता. खाली लेखकाचं नाव नव्हतं, मुद्रकाचंही नव्हतं. सरकारने बक्षीस लावलं. शेवटी जेम्स पार्कर नावाच्या मुद्रकाकडचा एक कामगार फुटला, पार्करला दरडावण्यात आलं आणि अलेक्झांडर मॅकडूगल हे नाव बाहेर पडलं. फेब्रुवारी १७७०मध्ये त्याला पकडलं, तर त्याने जामीन नाकारला. तुरुंगात त्याला भेटायला लोकांची रीघ लागली. त्याच वर्षी पार्कर वारला, मुख्य साक्षीदारच गेला आणि खटला ढेपाळला. पत्रकात काय लिहिलंय, हे तर सगळ्या शहराला पाठ होतं. सरकारला हवं होतं ते नाव. पुढे अडीचशे वर्षं, समुद्राच्या अलीकडे आणि पलीकडे, पत्रकावरून झालेली बहुतेक भांडणं याच नावापाशी येऊन थांबतात.

४ जुलै १७७६च्या रात्री फिलाडेल्फियात जॉन डनलॅपने स्वातंत्र्याचा जाहीरनामा छापला, तोही एकपानी पत्रक म्हणूनच, सुमारे दोनशे प्रती. ८ जुलैला तो तिथे जमावापुढे मोठ्याने वाचण्यात आला. छापील कागद आणि त्याला आवाज देणारा माणूस ही जोडी तेव्हाही होतीच.

छापील वादाची ही रीत मराठीत आली ती मात्र राजकारण घेऊन नव्हे. १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये अमेरिकन मिशनची स्थापना झाली. १८१३ साली तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईला पोचले, आणि १८१७मध्ये मिशनच्या छापखान्यातून बायबलच्या वचनांची आठ पानी मराठी पुस्तिका बाहेर पडली. धर्मप्रसारासाठी छापलेल्या या चोपड्या बाजारात, जत्रेत फुकट वाटल्या जात. लोकांनी त्या वाचल्या आणि उत्तरंही छापली. मोरभट दांडेकरांनी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनशी जाहीर वाद घातला, मग १८३१ साली आपली बाजू पुस्तकरूपाने मांडली. विल्सनने पुढच्या वर्षी छापूनच तिला उत्तर दिलं. सवाल छापायचा, जबाब छापायचा आणि निवाडा वाचकावर सोडायचा, ही शिस्त मराठी माणसाच्या अंगवळणी पडली ती या धर्मवादातून. राजकारणाने ती नंतर उचलली.

अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ साली स्वतःचा शिळाछापखाना काढून पंचांग छापलं. शिळाछापाचं तंत्र आपल्याकडे रुजलं त्याला कारण होतं. देवनागरीचे खिळे पाडायचे म्हणजे काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं मिळून शेकड्यांनी साचे लागत. शिळेवर तो खटाटोपच नको. चांगल्या अक्षराच्या लेखकाने तेलकट शाईने मजकूर लिहायचा, तो गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर उलटा उतरवायचा, दगड पाण्याने ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या दगडावर शाई धरत नाही, तेलकट अक्षरावर तेवढी धरते. मोडी असो की बाळबोध, हाताला लिहिता येतं ते सगळं छापता येतं. दौत-लेखणीवर पोट भरणाऱ्या कारकुनाला छापखान्यात जागा मिळाली ती या दगडामुळे.

पुण्याकडून येणारा लोहमार्ग १८५९ साली दिक्सळहून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, पोचला आणि जेऊर त्याच्या वाटेवर आलं. पुण्या-मुंबईचा कागद आता टपालाच्या डब्यातून यायला लागला. १८६७ साली सरकारने कायदा केला, की छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण असलंच पाहिजे. तळाची ती बारीक ओळ आपल्याकडे रुजली ती अशा कायद्यांमुळे.

छापखाना नव्हता तिथे हातानेच काम भागवलं जाई. १८७५च्या सावकारविरोधी दंग्यांच्या काळात भीमेच्या पलीकडे, इंदापूर तालुक्यातल्या कळस गावच्या लोकांनी लेखी ठराव केला होता, की सावकाराची जमीन जो कसेल त्याला जातगंगेबाहेर ठेवायचं. चार वर्षांनी वासुदेव बळवंत फडक्यांनी जाहीरनामा काढून खुद्द गव्हर्नरच्या शिरालाच बक्षीस लावलं. सरकार त्यांच्यावर जे हत्यार चालवत होतं तेच त्यांनी सरकारवर उलटवलं.

सोलापूर जिल्ह्यात या सगळ्याची कसोटी लागली १९३० साली. एप्रिलअखेर सरकारने वटहुकूम काढून छापखान्यांकडे जबर तारण मागायला सुरुवात केली. मेच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली. ८ मेला सोलापुरात गोळीबार झाला, चौकी जळाली, आणि १२ मेपासून ३० जूनपर्यंत शहरात लष्करी कायदा होता. तिरंगा हातात धरणंही गुन्हा ठरलं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. यातले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे वृत्तपत्र चालवत असत, हे आज फार थोड्यांच्या लक्षात आहे. हुतात्मा म्हणून त्यांची मिरवणूक निघते, पण लेखणीचा माणूस म्हणून त्यांची आठवण कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

तारण, जप्ती आणि तळाची ओळ यांना उत्तर निघालं सायक्लोस्टाइलचं. मेणाच्या पातळ कागदावर टोकदार लेखणीने अक्षरं कोरायची, तो रुळावर ताणून बसवायचा आणि दांडा फिरवायचा. ना खिळे, ना कंपोझिटर, ना तळाला कुणाचं नाव. यंत्र एका ट्रंकेत मावायचं, रात्रीत घर बदलायचं. मुंबईची ‘काँग्रेस बुलेटिनं’ अशीच निघाली, आणि १९४२मध्ये भूमिगतांनी हीच वाट धरली.

स्वराज्य आलं तरी ओळीचा आग्रह राहिला. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९६१ साली १२७-क हे कलम घातलं गेलं. संसद-विधिमंडळाच्या निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचीही नावं-पत्ते हवेत, आणि प्रकाशकाला ओळखणाऱ्या दोन माणसांनी साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र मुद्रकाने आधी घ्यायला हवं. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. मला हा कायदा योग्य वाटतो. मॅकडूगलने नाव झाकलं ते सत्तेच्या भीतीने. आता मतदानाच्या आदल्या रात्री निनावी कागद उंबऱ्यावर टाकून जाणाऱ्याला तसली भीती नसते, त्याला फक्त उत्तर द्यायचं नसतं. या दोन निनावीपणांना एकाच मापाने मोजणं हा पहिल्यावर अन्याय आहे.

डनलॅपच्या दोनशेपैकी सव्वीस प्रती आज ठाऊक आहेत. त्यातली एक पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या बाजारात चार डॉलरला घेतलेल्या तसबिरीच्या मागे सापडली आणि १९९१ साली चोवीस लाख डॉलरवर विकली गेली. आपली पत्रकं भज्यांच्या पुडीत जातात. उजनी धरणाच्या पाण्याखाली गावं गेली तेव्हाची, पाण्याच्या पाळ्यांवरून भांडण पेटलं तेव्हाची, ऊसदराच्या आंदोलनांची पत्रकं कुठल्या कपाटात सापडतील? ग्रंथालयात पुस्तकाला दाखलनोंद मिळते, सुट्या कागदाला मिळत नाही. गावच्या वाचनालयाने एक साधी फाइल घालावी. हाती आलेलं प्रत्येक पत्रक, कुठल्याही पॅनेलचं असो, त्यात लावावं. पत्रकावर बहुधा तारीखच छापलेली नसते, म्हणून ते मिळालं तो दिवस आणि ठिकाण कोपऱ्यात पेन्सिलीने लिहावं. निनावी असेल तर तेही लिहावं. येत्या निवडणुकीपासून हे सुरू करायला एक पंच मशीन आणि एक जबाबदार माणूस पुरे.