कॅरियर ॲग्रिगेशन

मोबाईल ब्रॉडबँडमध्ये दोन किंवा अधिक वाहक तरंगपट्टे एकाच वेळी एकाच हँडसेटसाठी वापरून बँडविड्थ वाढवण्याचे तंत्र, वाहक एकत्रीकरण. थ्रीजीपीपी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ते रिलीज १० या मानकांच्या आवृत्तीत, एलटीई या फोरजी तंत्राच्या एलटीई-ॲडव्हान्स्ड या सुधारित रूपाचा भाग म्हणून आणले. एलटीईचा एक वाहक जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो. रिलीज १० नुसार असे पाच वाहक, म्हणजे १०० मेगाहर्ट्झपर्यंत जोडता येतात. रिलीज १३ मध्ये ही मर्यादा ३२ वाहकांवर गेली.

कार्यपद्धती : हँडसेट प्रथम मुख्य वाहकावर जोडला जातो आणि जोडणीचे नियंत्रण त्याच वाहकावरून चालते. डेटाची मागणी वाढली की बेस स्टेशन दुय्यम वाहक जोडते, मागणी ओसरली की काढून घेते. जोडलेले वाहक एकाच बँडमधले लगतचे, एकाच बँडमधले पण विलग, किंवा निरनिराळ्या बँडमधले असतात.

भारतातील वापर : भारतात स्पेक्ट्रम निरनिराळ्या वर्षांच्या लिलावांतून तुकड्यातुकड्यांनी कंपन्यांच्या हाती आले, म्हणून येथे तिसऱ्या प्रकाराला, म्हणजे निरनिराळ्या बँडमधले वाहक जोडण्याला, महत्त्व आहे. एअरटेलने २०१६ मध्ये केरळात १८०० व २३०० मेगाहर्ट्झचे वाहक एकत्र केले.

बीड जिल्हा : स्वतंत्र मुंबई सर्कल वगळता उर्वरित महाराष्ट्र व गोवा यांचे मिळून एक दूरसंचार सर्कल आहे, बीड त्यात मोडतो. स्पेक्ट्रम सर्कलनिहाय विकले जात असल्याने कंपनीचा हक्क पुण्यात जेवढा, तेवढाच पाटोद्यात. प्रत्यक्ष एकत्रीकरण मात्र टॉवरवर किती बँडचे रेडिओ बसवले आहेत यावर ठरते. भूरचनेचाही परिणाम होतो. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात. १८०० ते २३०० च्या लहरी लवकर क्षीण होतात आणि डोंगराआड कमी पोचतात. त्यामुळे गेवराई-माजलगावच्या सपाट गंगथडीत (गोदावरीकाठच्या पट्ट्यात) दोन्ही वाहक मिळण्याची शक्यता अधिक, तर बालाघाट डोंगररांगेच्या खोलगट भागातील वाडी-तांड्यावर दुय्यम वाहक सुटून हँडसेट एकट्या खालच्या बँडवर राहू शकतो.

मर्यादा : बँडची ती विशिष्ट जोडी हँडसेटला चालावी लागते. टॉवरपासून पुढे जाणारी फायबर किंवा मायक्रोवेव्ह जोडणी अपुरी असेल, तर हवेतले वाहक वाढवूनही वेग वाढत नाही.