बाबांचे मेल आणि एक 'तात्पुरता' प्रोटोकॉल

गेल्या शनिवारी पोहे खाऊन मस्त लोळायचा बेत होता. तेवढ्यात बाबांनी टेबलावर तीन वस्तू आणून मांडल्या: त्यांचा फोन, आईचा टॅबलेट आणि माझा जुना लॅपटॉप, जो आता त्यांचा झालाय. तक्रार अशी की फोनवर वाचलेला मेल लॅपटॉपवर पुन्हा न वाचलेला दिसतो, आणि लॅपटॉपवर उतरलेले मेल टॅबलेटवर सापडतच नाहीत. "आयटीत आहेस ना, मग एवढं करून दे." (हे वाक्य ऐकलं नाही असा आयटीवाला मला दाखवाच.)

दहा मिनिटांचं काम, म्हणून बसले. लॅपटॉपवरचं सेटिंग उघडलं तर खात्याचा प्रकार पॉप३. त्याच्याखाली एका चौकोनात बरोबरची खूण: 'उतरवून घेतल्यावर सर्व्हरवरून काढून टाका'. बाबांनी २००१ सालच्या डायरीतलं सेटिंग बघून, फक्त पत्ते बदलून, जसंच्या तसं भरलं होतं. मी दोन मिनिटं त्या चौकोनाकडे नुसती बघत बसले. कारण त्याच खुणेनं आमच्या घरात एकदा घात केलाय.

माझा काका १९९९ मध्ये न्यू जर्सीला गेला. आठवड्याला त्याचा एक मेल यायचा, इंग्रजी अक्षरांत मराठी. बाबा रविवारी डायल-अप लावायचे, मेल उतरवून घ्यायचे, फोनचं बिल वाढू नये म्हणून लगेच लाईन तोडायचे, आणि मग आजीला सावकाश वाचून दाखवायचे. तिथला बर्फ, पहिली गाडी, चुलतभावाचा जन्म, सगळं त्यात. २००८ च्या पावसाळ्यात वीज चारपाच वेळा गेली-आली आणि त्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क गेली. दुरुस्तीवाल्यानं हात टेकले. सर्व्हरवर एकही प्रत नव्हती, कारण प्रत ठेवू नको असं आपणच त्याला सांगितलं होतं. काकाच्या बाजूचं सगळं त्याच्या ऑफिसच्या खात्यात होतं, ते नोकरीबरोबर गेलं. पुढच्या वर्षी आजी गेली. पत्रं 'गेली' म्हणजे नक्की कुठे गेली, हे तिला शेवटपर्यंत कोणाला नीट सांगता आलं नाही.

तर मेल राहतो कुठे, हा तसा साधा प्रश्न. पण त्याचं उत्तर साठ वर्षांत दोनतीनदा बदललंय, आणि ती गोष्ट मला आपल्या कॉलेजच्या नेटवर्किंगच्या पुस्तकात कधीच धड सापडली नाही.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. एमआयटीत १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी सीटीएसएस नावाच्या सिस्टीमसाठी 'मेल' ही कमांड लिहिली, तेव्हा एकच मोठं मशीन अनेक जण मिळून वापरत. मेल म्हणजे त्याच मशीनवरच्या दुसऱ्याच्या फाईलमध्ये टाकलेला मजकूर. रे टॉमलिन्सननं १९७१ मध्ये @ हे चिन्ह घेऊन एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर मेल पाठवला, तरी वाचणारा माणूस मोठ्या मशीनलाच जोडलेला असे. कुठल्याही टर्मिनलवर बसा, आपली पेटी तीच. आज बाबांना जे हवंय तेच, फक्त खोलीभर आकाराच्या कपाटात.

घोटाळा झाला तो पर्सनल कॉम्प्युटर आल्यावर. मेल पोचवणारा एसएमटीपी हा प्रोटोकॉल १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहून काढला. त्यात घेणारं मशीन जागं असेल असं धरलेलं होतं. टेबलावरचा पीसी संध्याकाळी बंद व्हायचा. मग कुणीतरी दुसऱ्यानं मेल सांभाळून ठेवायला हवे. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये जॉइस रेनल्ड्स यांच्या नावानं आरएफसी ९१८ निघालं (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यात लिहिले जातात ती कागदपत्रं). त्याचं नाव पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, आपला पॉप. कल्पना नावातच आहे. पोस्टात जा, आपल्या नावाची पत्रं घ्या, घरी या. घेतलेली पत्रं पोस्ट कशाला सांभाळेल? १९८८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आणि बाबांच्या डायरीत गेली ती हीच.

पॉपला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यात तेव्हा शहाणपण होतं. सर्व्हरवरची जागा महाग, फोनलाईन महाग, आणि माणसाकडे मशीन एकच. पटकन जोडा, उचला, तोडा. या तीन गोष्टी बदलतील असं कुणी धरलं नव्हतं, इतकंच.

म्हणजे, एकानं धरलं होतं. मार्क क्रिस्पिन. हा गडी स्टॅनफर्डला सुमेक्स-एम या वैद्यकीय संशोधनासाठी चालवलेल्या कॉम्प्युटर केंद्रात होता. तिथल्या संशोधकांचे मेल टॉप्स-२० या सिस्टीमवर चालणाऱ्या मोठ्या मशीनवर यायचे, आणि ते स्वतः मात्र झेरॉक्सच्या लिस्प मशीनवर काम करू लागले होते. मशीन बदललं की मेल मागे. १९८६ मध्ये क्रिस्पिननं उलटा विचार केला: मेल हलवायचेच नाहीत. ते राहू देत सर्व्हरवर, आपण लांबून फक्त बघायचं आणि खुणा करायच्या. आजीला मी हे समजावलं असतं तर बँकेच्या भाषेत. पैसे बँकेतच, घरी येतं ते पासबुक. पासबुक हरवलं तर दुसरं मिळतं.

त्यानं याला नाव दिलं इंटरिम मेल अ‍ॅक्सेस प्रोटोकॉल. इंटरिम! म्हणजे तात्पुरता. आपल्या कोडमध्ये 'सध्या एवढं चालवून घेऊ' म्हणून टाकलेली ओळ जशी पाच वर्षांनी सगळ्या सिस्टीमचा खांब झालेली असते, तसंच. तो तात्पुरता आयमॅप आता चाळीशीत आलाय. 'आय'चा अर्थ पुढे 'इंटरॅक्टिव्ह' आणि मग 'इंटरनेट' असा बदलत गेला. गंमत म्हणजे त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज शिल्लक नाही. काहीही हरवू नये म्हणून केलेली वस्तू स्वतःच हरवली. आज सापडतं ते १९८८ मधलं आरएफसी १०६४, दुसऱ्या आवृत्तीचं.

क्रिस्पिन जरा वल्लीच असावा. याच माणसानं १ एप्रिल १९७८ रोजी आरएफसी ७४८ लिहिलं होतं. त्यात टेलनेटसाठी एक पर्याय सुचवलेला, तो चालू केला की मशीननं अधूनमधून मुद्दाम डेटा हरवायचा. :-) एप्रिल फूलची आरएफसी काढायची पद्धत तिथून सुरू झाली. डेटा हरवण्याची थट्टा करणाऱ्यानंच पुढचं आयुष्य लोकांचे मेल न हरवण्यात घालवलं.

पुढे तो सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात गेला आणि तिथे आयमॅप मोठा झाला. डिसेंबर १९९४ मध्ये चौथी आवृत्ती आली, जी थोड्याफार दुरुस्त्यांनिशी आजही चालते. त्यात दोन गोष्टी मला फार आवडतात. एक म्हणजे खुणा: वाचला, उत्तर दिलं, काढायचा आहे, हे सगळं मेलच्या जोडीला सर्व्हरवर राहतं. बाबांची निम्मी तक्रार इथेच मिटते. दुसरी म्हणजे मेलचा हवा तेवढाच तुकडा मागता येतो. मजकूर वाचा, जोडलेला फोटो राहू दे. ९६०० बिट्सच्या लाईनवर एक एमबीचा फोटो उतरायला साधारण पंधरा मिनिटं लागत. पॉपला मेलच्या फक्त पहिल्या काही ओळी मागता येत, पण अमुक भाग दे, तमुक नको, हे त्याला कळत नसे.

आता आपल्याकडची गंमत. व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांना इंटरनेट द्यायला सुरुवात केली. त्यात एक महागाचं टीसीपी/आयपी खातं होतं आणि एक स्वस्तातलं शेल खातं, विद्यार्थ्यांकडे बहुधा हेच. शेलवाल्याला चित्रं दिसत नसत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. मेलसाठी पाईन नावाचा प्रोग्राम, तोही त्याच वॉशिंग्टन विद्यापीठातला. पण हा पाईन व्हीएसएनएलच्या मशीनवर चालायचा आणि मेलही तिथेच राहायचे. मित्राच्या घरून डायल करा, तुमची पेटी तीच. महागाचं खातं घेणारे मात्र ऐटीत पॉपनं मेल घरी आणून स्वतःच्या हार्ड डिस्कच्या भरवशावर ठेवत होते. बाबांचं खातं नंतरचं, पण जात तीच. काटकसर केली असती तर... असो.

लोकांना सर्व्हरवरच्या मेलची सवय लावली ती मात्र आयमॅपनं नाही, वेबमेलनं. ४ जुलै १९९६ ला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं. (भाटिया काही वर्षं पुण्याच्या बिशप्समध्ये शिकले, हे पुणेकर म्हणून सांगणं भाग आहे.) कुठलाही सायबर कॅफे, कुठलंही मशीन, मेल हजर. पण जागा २ एमबी, म्हणजे दर आठवड्याला साफसफाई. जीमेल १ एप्रिल २००४ ला १ जीबी घेऊन आलं तेव्हा लोकांना ती एप्रिल फूलची थापच वाटली होती. ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांनी आयमॅप फुकट दिला, त्याच वर्षी आयफोन आला होता, आणि खिशात दुसरं मशीन घेऊन फिरणारा माणूस तयार झाला. क्रिस्पिनचं उत्तर एकवीस वर्षं त्या प्रश्नाची वाट बघत होतं. तो २०१२ च्या डिसेंबरमध्ये गेला, म्हणजे निदान हे बघून गेला.

पण याची किंमतही आहे. मेल घरी असताना चोराला घरी यावं लागे. मेल सर्व्हरवर गेला आणि सगळी भिस्त पासवर्डवर आली. आणि तो पासवर्ड? मूळ पॉपमध्ये 'यूजर' लिहून नाव आणि 'पास' लिहून पासवर्ड, दोन्ही उघडं, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखं. आयमॅपचं 'लॉगिन'ही तसंच. १९९९ मध्ये आरएफसी २५९५ नं या संभाषणाला टीएलएसचं पाकीट घालायची रीत घालून दिली, पण घालायचं की नाही हे वापरणाऱ्यावर होतं. उघडं बोलणं कालबाह्य, असं स्पष्ट म्हणणारं आरएफसी ८३१४ यायला २०१८ उजाडलं. बाबांच्या लॅपटॉपवर अजून ११० नंबरचा पोर्ट होता, म्हणजे पोस्टकार्डवालाच. मेलचा प्रोग्राम इशारा देत होता आणि बाबा गेले वर्षभर 'पुढे चला' दाबत होते.

आणि मशीनं वाढली की किल्ल्या वाढतात. एकच पासवर्ड तीन ठिकाणी साठवलेला, त्यातलं एक रिक्षात विसरलं की कुलूपच बदलायचं आणि उरलेल्या दोन ठिकाणी नवी किल्ली द्यायची. ऑगस्ट २०१२ मध्ये मॅट होनन या अमेरिकन पत्रकाराचं जे झालं ते आमच्या धंद्यात अजून सांगितलं जातं. चोरांनी कस्टमर केअरला बोलण्यात गुंडाळून त्याचं मेलचं एक खातं मिळवलं, त्यावरून दुसरं, आणि मग लांबूनच फोन, टॅबलेट, लॅपटॉप पुसून टाकले. त्यात त्याच्या लहान मुलीचे फोटो होते, आणि त्यांची दुसरी प्रत त्यानं ठेवली नव्हती. दोन टप्प्यांची ओळख लोक मनावर घेऊ लागले त्यात या गोष्टीचा वाटा आहे. आताची पद्धत अशी की मेलच्या प्रोग्रामला मूळ पासवर्ड द्यायचाच नाही, प्रत्येक यंत्राला वेगळी परवानगी द्यायची आणि हरवलं तर तेवढीच रद्द करायची. गुगलनं ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांवर बाहेरच्या प्रोग्रामना नुसत्या पासवर्डनं आत घेणं बंद करायला घेतलं. तेव्हा चिडलेले अनेक जण मला आठवतात. मी चिडले नाही.

तर शनिवारचं काम. आधी लॅपटॉपवरचे उतरलेले मेल आयमॅपच्या खात्यात ओढून परत सर्व्हरवर चढवले, मग पॉपचं खातं काढलं. तिन्हीकडे ९९३ पोर्ट, तिन्हीकडे वेगळी परवानगी, खात्याला दोन टप्पे, आणि अडचणीत लागणारे कोड कागदावर लिहून आईच्या कपाटात. दहा मिनिटांचे साडेतीन तास झाले. बाबा खूष.

रविवारी दुपारी फोन म्हणाला जागा संपत आली. बाबांनी शिस्तीत बसून जुने मेल काढायला घेतले, फोनवरचेच तर आहेत म्हणून! चारशेच्या आसपास गेल्यावर आई टॅबलेटवरून ओरडली, "अहो, इथलेपण चाललेत!" हाही आयमॅपचाच गुण. पुसण्याची खूणसुद्धा तितक्याच इमानानं सगळीकडे पोचते. कचरापेटीत तीस दिवस राहतात म्हणून सगळे परत आणता आले. सर्व्हरवरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे हे मला माहीत होतं, बाबांना सांगायचं राहिलं होतं. आता महिन्यातून एकदा सगळे मेल एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवायचं ठरलंय. हो, शेवटी पुन्हा घरी आणायचेच.

त्या गडबडीत बाबांनी आजीच्या ट्रंकेतली एक फाईल काढली. काकाचे काही मेल त्यांनी तेव्हा डॉट मॅट्रिक्सवर छापून दिले होते, आजीला हातात धरायला हवे असत म्हणून. अकरा कागद आहेत. शाई फिकी झालीय, पण वरची तारीख वाचता येते, पहिला मार्च २००१ चा. संध्याकाळी सगळे स्कॅन करून मी बाबांना आणि काकाला पाठवले. तीनही मशीनं एकदमच वाजली. बाबांनी फोनवर उघडून बघितले, मोठे करून बघितले, आणि म्हणाले, "छान आलेत. जरा प्रिंट काढतेस का?"